दसऱ्याला भट्टी पेटवली की अस्तर फुटतं, त्याचा छडा

खंडेनवमीला हत्यारं पुसून ऐरणीला झेंडूची माळ घालायची आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पावसाळ्यानंतरची पहिली भट्टी पेटवायची, असा माझा नेम. पुण्यात धायरीला घरामागे पत्र्याची शेड आहे, तिला भिंती दोनच. जूनमध्ये पाऊस लागला की भट्टी बंद होते ती थेट दसऱ्याला उघडते. आणि सलग चार वर्षं याच मुहूर्तावर अस्तरानं, म्हणजे भट्टीच्या आतल्या उष्णतारोधक थरानं, दगा दिला. पहिल्या वर्षी हात लावला तर भुगा. दुसऱ्या वर्षी अस्तर जागेवर होतं, पण गॅसची टाकी दुपारीच संपली. तिसऱ्या वर्षी तळाला भोक. चौथ्या वर्षी पेटवून दहा मिनिटं झाली नाहीत तोच सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला आणि बशीएवढा पोपडा माझ्या बुटावर येऊन पडला. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "दिवाळीला अजून वीस दिवस आहेत ना रे?"

जवळपास दर वेळी मी एकच उपाय केला. भोसरीला जायचं आणि आधीपेक्षा मोठ्या आकड्याचा, म्हणजे जास्त तापमान छापलेला, माल मागायचा. १२६० अंशांचं गेलं? मग १४२५ चं द्या. दुकानदार देत गेला, त्याचं काय जातंय. पाचव्या वर्षी मात्र फुटलेले तुकडे उकिरड्यावर टाकण्याआधी उन्हात मांडून बघितले, तेव्हा कळलं की पहिल्या वर्षीची सिमेंट-वाळूची देशी खिचडी सोडली तर आकडा कुठेच कमी पडला नव्हता. अस्तर एकदा टाकणखारानं (बोरॅक्सनं) खाल्लं होतं, एकदा पाण्यानं फोडलं होतं, आणि उरलेलं माझ्या घाईनं.

माझी भट्टी गॅसवरची आहे: २५० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या लोखंडी पाइपचा ३०० मिलिमीटर लांब तुकडा आणि वरून तिरका बसवलेला पाऊण इंची व्हेन्चुरी बर्नर (गॅसच्या झोतानंच हवा ओढून घेणारा). पाइप भंगारातून आणलेला. काही जण जुनी गॅस टाकी कापून हेच करतात, ते करू नका. आत उरलेला गॅस कापताना पेट घेतो, आणि घरगुती टाकी तशीही तेल कंपनीच्या मालकीची असते. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा डबाही नको, तापला की जस्ताचा धूर येतो. माझं काम म्हणजे सुऱ्या, कोयते आणि अधूनमधून जुन्या लोखंडाला पोलादाची धार सांधणं. या शेवटच्या हौसेनंच निम्मी दुखणी आणली. नुसतं घडवायचं तर ११०० अंशांना भागतं. सांधायचं तर १२५० च्या पुढे जावं लागतं आणि टाकणखार वापरावा लागतो.

तुकडा काय सांगतो

पोपडा चपटा, बशीसारखा, पृष्ठभागाला समांतर सुटलेला असेल आणि सुटताना आवाज झाला असेल, तर ती वाफ. हे पेटवल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातच होतं. आवाज न होता बोटानं घासलं तरी पीठ निघत असेल, तर माल धरून ठेवणारा घटकच मेलाय. हे थंड भट्टीतही दिसतं. तळाला काचेसारखी काळी-हिरवी चकाकी आणि त्याखाली खड्डा असेल तर टाकणखार आणि लोखंडाचा कीट मिळून अस्तर विरघळवतायत. सिरॅमिक धाग्यांच्या ब्लँकेटचं अस्तर असेल आणि त्याच्या सांध्यात बोट जाईल एवढी फट पडलीय, बाहेरच्या शेलवर (लोखंडी पाइपवर) तेवढ्याच जागी रंग जळालाय, तर ब्लँकेट आकसलंय. बाहेरून सगळीकडूनच चटके आणि आत मात्र लोखंड तासाभरानंतरही लालच, तर इन्सुलेशन अपुरं आहे किंवा अस्तर फार जड आहे.

आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसभर भेगा दिसल्या तर काहीही करू नका. त्या गार झाल्यावर उघडतात, तापल्यावर मिटतात. मी पहिली दोन वर्षं त्या लिंपण्यात रविवार घालवले. बर्नरच्या भोकापासून तोंडापर्यंत एखादी सरळ भेग जाणंही बहुतेक भट्ट्यांत होतं, कारण तिथेच अस्तर सर्वांत कमजोर असतं. दोन्ही कडा एका पातळीत आहेत आणि तुकडा हलत नाही, तोवर तिचं दुःख करू नये.

पहिलं वर्ष: सिमेंट, वाळू, पर्लाइट

ही कृती सगळीकडे फिरते, म्हणून दोन शब्द. साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये गोठताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतो. ४५० अंशांच्या आसपास तो पाणी सोडतो आणि मागे चुनकळी उरते. उन्हाळाभर सगळं ठीक दिसतं. मग पुण्याचा जुलै येतो, हवा ओली होते, आणि चुनकळी पाण्यात विरते तशी ती अस्तरातच फुगून विरते. म्हणून दसऱ्याला हातात भुगा. वाळूचं वेगळंच: ५७३ अंशांना क्वार्ट्झ एकदम फुगतं, गार होताना पुन्हा आकसतं, आणि प्रत्येक पेटवणीला आजूबाजूचा माल ढिला करत जातं. प्लास्टर ऑफ पॅरिसनं सुरुवात करणाऱ्यांना तर भुग्यासाठी पावसाळ्यापर्यंतही थांबावं लागत नाही. आणि तळाला आपला काळा दगड ठेवायची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका. बेसाल्टच तो, लाव्हा म्हणून वाहत आलेला. ११०० ते १२०० अंशांना पुन्हा मऊ व्हायला लागतो, आणि त्याआधी फुटतो.

दुसरं वर्ष: विटा

चिडून मी 'कायमचं काम' करायचं ठरवलं आणि आयएस ८ शिक्क्याच्या भट्टीच्या विटा आणल्या, २३० × ११५ × ७५ मापाच्या, पाइप बाजूला ठेवून चौकोनी भट्टी रचली. (आयएस ६ मध्यम उष्णतेची, आयएस ८ त्याहून वरची, दुकानात याच नावानं मिळतात.) त्या फुटल्या नाहीत. पण वेल्ह्याकडचे एक लोहारकाका दसऱ्याला आले होते. त्यांनी तासभर वाट बघितली, चहा दोनदा झाला, आणि मग म्हणाले, "सायेब, तुमी लोखंड तापवताय का ईट?"

हिशेब त्यांच्याच बाजूनं होता. एक वीट साधारण चार किलोची. ती पूर्ण ११०० अंशांना न्यायची तर ४.४ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता लागते. एक किलो एलपीजीत ४६ मेगाज्यूल असतात. म्हणजे गॅसचा थेंबही वाया गेला नाही असं धरलं तरी विटेमागे जवळपास १०० ग्रॅम गॅस, आणि माझ्या भट्टीत बारा विटा. प्रत्यक्षात उघड्या तोंडाच्या भट्टीतून बहुतेक उष्णता बाहेरच जाते, आणि उलट बाजूनं विटेची मागची बाजूही पूर्ण तापत नाही. पण टाकी दुपारी का संपली ते कळायला एवढं पुरे. दिवसभर चालणाऱ्या कारखान्याला जड वीट परवडते, एकदा तापली की तापलेली राहते. रविवारी तीन तास भट्टी लावणाऱ्याला नाही.

घिसाडी लोकांची रस्त्याकडेची भट्टी बघितलीत तर जमिनीत खड्डा, चिकणमातीचं लिंपण, त्यात भाताचा तूस. तूस जळून जातो, मागे बारीक पोकळ्या आणि सिलिकायुक्त राख राहते, म्हणजे फुकटचं इन्सुलेशन. बिघडलं की उद्या पुन्हा लिंपायचं. कोळशाच्या भट्टीला हे उत्तम जमतं, कारण आग कोळशाच्या ढिगाच्या पोटात असते आणि भिंतीला कमी लागते. गॅसभट्टीत मात्र भिंत स्वतः तापून उष्णता परत फेकते, तेव्हा काम होतं. तिथे ही माती टिकत नाही.

हलकी इन्सुलेशन वीट हा मधला मार्ग वाटतो. भोसरीत ती हॉट फेस आणि कोल्ड फेस अशा दोन नावांनी मिळते. कोल्ड फेसची आत लावायची नाही, ती पाठीमागे घालायची असते. हॉट फेसची आत चालते, करवतीनं कापता येते, हलकी असते, पण टाकणखार लागला की तापलेल्या तव्यावर लोणी ठेवल्यासारखी खचते, आणि वरचेवर तापवून-निववून तडकते. उष्णता-उपचारापुरती छोटी भट्टी असेल, टाकणखार नसेल, तर ती माझी पहिली पसंती. घडाईसाठी नाही.

तिसरं वर्ष: उघडं ब्लँकेट

सिरॅमिक ब्लँकेट हा शोध लागल्यावर मला आकाश ठेंगणं झालं. पाइपात आतून गुंडाळायचं की झालं. पाच मिनिटांत भट्टी पिवळी. मी मुद्दाम झिर्कोनियावालं, १४२५ चं आणलं होतं.

इथे त्या आकड्याचा अर्थ सांगायला हवा, कारण तोच सगळ्यांना फसवतो. ब्लँकेटवर छापलेलं तापमान हे वर्गीकरणाचं असतं: त्या तापमानाला २४ तास ठेवलं तर ते लांबीत ४ टक्क्यांपर्यंत आकसेल, एवढीच हमी. रोज त्या तापमानाला वापरा असा त्याचा अर्थ नाही. १२६० वालं सतत वापरायचं तर ११०० ते ११५० च्या आत. आता ४ टक्के ऐकायला काहीच नाही. पण माझ्या भट्टीत आतल्या थराचा वेढा ६२८ मिलिमीटरचा. त्याचे ४ टक्के म्हणजे २५ मिलिमीटर. सांधा इंचभर उघडला की ज्वाळा थेट शेलवर.

झिर्कोनियावालं तसं आकसलं नाही, ते कबूल. पण तळाला टाकणखार गळत होता. टाकणखार ७४३ अंशांना वितळतो आणि त्यानंतर सिलिका दिसेल ती विरघळवत सुटतो; ब्लँकेट म्हणजे निम्मी सिलिकाच, तीही केसाहून बारीक धाग्यांच्या रूपात. दोन दुपारीत दोन्ही थर आरपार. त्याच्यासाठी १२६० आणि १४२५ यांत काही फरक नाही. गरम सळी भोकात टेकली, आणखी थोडं ब्लँकेट निघालं, आणि दसऱ्याला बघतो तर तळातून जमीन दिसतेय.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली आणि ती जास्त गंभीर आहे. हे धागे उघडे ठेवायचेच नसतात. बर्नरचा झोत त्यांना हवेत उडवतो. शिवाय हजार अंशांच्या वर दीर्घकाळ राहिले की धाग्यांची काच स्फटिकरूप होत जाते आणि त्यात क्रिस्टोबलाइट तयार होतं, जे फुप्फुसाला सिलिकाच्या धुळीइतकंच वाईट. ब्लँकेट कडक, ठिसूळ झालंय आणि दाबलं की चुरा होतोय, तर ते हेच. असं अस्तर काढताना आधी पाण्यानं पूर्ण भिजवा, एफएफपी२ (बारीक धूळ गाळणारा) किंवा त्याहून वरचा मास्क लावा, चुरा ओलाच पिशवीत बांधा. झाडूनं झाडू नका. नवं कापतानाही पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल.

चौथं वर्ष: आवाज

आता मुख्य दुखणं. या वेळी माल योग्य होता: १२६० चं ब्लँकेट, वर १२ मिलिमीटर हाय अॅल्युमिना कॅस्टेबल, म्हणजे पाणी घालून थापायचं भट्टीचं काँक्रीट. तरी सुतळी बॉम्ब. तो बशीसारखा पोपडा उलटा केला तर मागची बाजू गुळगुळीत, आणि तिच्यावर धुळीचा थर. ताज्या तुटीवर धूळ कुठून येणार? मग आठवलं. ते अस्तर नव्हतंच, ते मी मारलेलं ठिगळ होतं.

मागचा पाढा असा. कॅस्टेबल मी डिसेंबरअखेर लावलं होतं, पोतं मात्र मे महिन्यात उघडलेलं. कॅस्टेबलमधलं सिमेंट कॅल्शियम अॅल्युमिनेटचं असतं आणि बंद पोत्यातही ते वर्षभराच्या आतच वापरायचं असतं; माझ्या पोत्यानं तर तोंड उघडं ठेवून अख्खा पावसाळा शेडमध्ये काढला होता. हाताला खडे लागत होते, ते मी फोडून मिसळले. खडे म्हणजे आधीच गोठून गेलेलं सिमेंट, ते दुसऱ्यांदा गोठत नाही. पोत्यात खडे दिसले तर ते अस्तराला वापरू नका.

त्यात थंडी. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो. हे सिमेंट वीस अंशांच्या खाली गोठलं तर त्याचे वेगळे स्फटिक होतात, अस्तर जास्त घट्ट आणि कमी सच्छिद्र बनतं, आणि पहिल्यांदा तापवताना वाफेला वाटच मिळत नाही. त्यावर मी सोसायटीच्या गवंड्याकडून शिकलेली हौस केली: थापी पाण्यात बुडवून पृष्ठभाग आरशासारखा घोटला. घोटल्यानं बारीक पीठ आणि सिमेंट वर येतं आणि छिद्रं बंद होतात. म्हणजे वाफेचं झाकण मीच बसवलं.

पहिल्या पेटवणीला म्हणूनच एक खपली उडाली होती. ती जागा मी उरलेल्या मालानं भरली, जुन्या गुळगुळीत खड्ड्यात, न खरवडता, न भिजवता. ठिगळ धरलंच नाही, फक्त बसून राहिलं. मेपर्यंत काही झालं नाही. पावसाळ्यात ठिगळ आणि अस्तर यांच्यामधल्या फटीत ओल जाऊन बसली. दसऱ्याला मी कौतुकानं बर्नर पूर्ण उघडला. पाण्याची वाफ होताना ते हजारपटीहून जास्त जागा मागतं. फटीत जागा नव्हती.

पाऊस आणि कॅस्टेबल

चांगलं भाजलेलं कॅस्टेबलही सच्छिद्रच असतं, पाणी पितं. मागचं ब्लँकेट तर स्पंजच. म्हणून पावसाळ्यानंतरची पहिली पेटवणी ही नव्या अस्तराच्या पहिल्या पेटवणीसारखीच करायची. माझ्या चार वर्षांतला हा सर्वांत स्वस्त धडा, आणि नेमका तोच शेवटी कळला.

भट्टीत जुन्या पद्धतीचा साठ वॅटचा पिवळा बल्ब लावून तोंडं विटांनी अर्धी झाकायची आणि एक दिवस-रात्र तसंच सोडायचं. (एलईडी चालणार नाही, त्याची उष्णता पुरत नाही.) ओल गेली का ते बघायला थंड स्टीलची ताटली किंवा आरसा तोंडाशी धरायचा, धूसर झाला तर अजून पाणी आहे. ही चाचणी बल्बवरच करा, गॅसवर नाही. गॅस स्वतःच पाणी बनवतो: एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. त्यामुळे ज्वाळेसमोर आरसा कायमच धूसर होणार, आणि थंड भट्टीत हीच वाफ पहिली काही मिनिटं अस्तरावर दवासारखी जमते. 'गॅस हळू लावला की सुकतं' असं म्हणणाऱ्यांना हे दाखवा.

बल्बनंतर गॅस, पण दोन मिनिटं पेटता, दहा मिनिटं बंद, असं तासभर. मग ११० अंशांच्या आसपास दोन-तीन तास काढायचे आणि पुढे तासाला पन्नासेक अंशांच्या वेगानं ३५० पर्यंत. तापमान बघायला मल्टिमीटरला जोडता येणारा के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) पुरतो. ३५० नंतर वेग वाढवला तरी चालतं. लाली दिसली की धोका संपला. दसऱ्याचा मुहूर्त साधायचा तर खंडेनवमीच्या आदल्या दिवशीच बल्ब लावा.

पावसाळ्यात भट्टी प्लास्टिकमध्ये गच्च बांधून ठेवू नका, आत घाम धरतो. वरून पत्र्याचं छप्पर, खाली वीटभर उंची, तोंडं मोकळी.

सध्याचं अस्तर

पाचवं अस्तर दोन पावसाळे बघून बसलंय, म्हणून ते कसं केलं ते लिहितो.

२५ मिलिमीटरचे ब्लँकेटचे दोन थर, घनमीटरला १२८ किलो घनतेचे. ९६ चं स्वस्त पडतं, पण ते दबतं. एकच थर घालून भागवणाऱ्यांनी आकडा बघावा: दोन थर आणि १२ मिलिमीटर कॅस्टेबल धरून माझी पोकळी १२६ मिलिमीटर व्यासाची उरते, म्हणजे पावणेचार लिटरच्या आत. एक थर कमी केला तर ती सव्वासात लिटर होते. पाऊण इंची बर्नर साडेपाच लिटरच्या आसपास पोकळी नीट तापवतो. म्हणजे एक थर वाचवला तर इन्सुलेशन निम्मं आणि तापवायची जागा दुप्पट, दोन्हीकडून मार. 'बर्नर कमजोर आहे' म्हणून येणाऱ्या तक्रारींतला मोठा वाटा हा असतो. दोन्ही थरांचं मिळून वजन सव्वा किलोच्या आसपास, एका विटेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. लोहारकाकांना ते फार आवडलं.

सांधणीचं काम रोजचं असेल तर आतला थर १४२५ चा घ्या, बाहेरचा १२६० चाच ठेवा. दोन्ही थरांचे सांधे एकमेकांवर येऊ देऊ नका. ब्लँकेटचा रोल ६१० मिलिमीटर रुंद आणि सव्वासात मीटर लांब येतो. अशा एका भट्टीला त्यातलं मीटरभरही लागत नाही, तेव्हा एकट्यानं अख्खा रोल घेऊ नका. आम्ही चौघांनी वाटून घेतला, तरी उरला.

ब्लँकेटवर कोलॉयडल सिलिका (पाण्यात तरंगणारे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण) फवारली. फाउंड्रीला माल पुरवणाऱ्यांकडे ती मिळते. दुधासारखी असते, कुठे पोचली ते कळत नाही, म्हणून चिमूटभर खाण्याचा रंग टाका. पेटवल्यावर तो जळून जातो. सुकून कडक झाल्यावर, कॅस्टेबल लावायच्या अगदी आधी, ब्लँकेट पुन्हा पाण्यानं ओलं केलं. हे विसरलात तर कोरडं ब्लँकेट कॅस्टेबलमधलं पाणी शोषून घेतं आणि मागच्या बाजूचं सिमेंट गोठायच्या आतच कोरडं पडतं; पुढे तोच थर पापुद्र्यासारखा सुटतो.

कॅस्टेबल ६० ते ७० टक्के अॅल्युमिनाचं, नवीन पोतं, दुकानात तारीख वाचून घेतलेलं. पाणी पिण्याचं, पोत्यावर लिहिलंय तेवढंच, मोजून. मिश्रण कोरडं वाटतं आणि हात शिवशिवतो, पण पाणी वाढवलं की ताकद गेली. जमलंय का ते असं बघा: मुठीएवढा लाडू वळा, फूटभर वर उडवून झेला. फुटला तर पाणी कमी, बोटांमधून पसरला तर जास्त, लाडू लाडूच राहिला तर बरोबर. हातानं दाबून थापलं, घोटलं नाही, बोटांचे ठसे तसेच ठेवले. महिना मार्च. ओल्या गोणपाटाखाली चोवीस तास, मग दोन दिवस सावलीत, मग बल्ब.

वर झिर्कॉनच्या पिठाचा हात दिला. परदेशी व्हिडिओंत या लेपांची भारी नावं ऐकू येतात आणि लोक ते मागवण्यात महिने घालवतात. फाउंड्रीत साच्यांना लावायला हेच पीठ वापरतात, त्यामुळे भोसरी-चिंचवडला किंवा कोल्हापूरला विचारा. ९७ भाग पीठ, ३ भाग बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती), पाणी धिरड्याच्या पिठाइतकं होईल एवढं. मिसळताना मास्क. टाकणखाराला तो लेप बराच काळ दाद देत नाही.

बराच काळ म्हटलं, कायम नाही. म्हणून तळ मी अस्तरापासून वेगळाच केला. ९० टक्के अॅल्युमिनाच्या कॅस्टेबलची ३०० × ११० मिलिमीटरची, १५ मिलिमीटर जाड फरशी, नुसती सरकवून ठेवलेली, कुठेही चिकटवलेली नाही. टाकणखार तिच्यावर गळतो, तिला खातो, आणि ती गेली की सांडशीनं ओढून दुसरी सरकवायची. भिंतींना काही होत नाही. फरशी आणि भिंतीत दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा. तापल्यावर तिला फुगायला लागते.

बर्नरचं तोंड अस्तराच्या आतल्या पातळीपासून थोडं मागे ठेवा. ते आत डोकावलं की लाल होतं आणि ज्वाळा ढब-ढब करत मागे पाइपात शिरते. पुष्कळ लोक त्यासाठी रेग्युलेटर बदलतात. आणि शेडला दोनच भिंती आहेत याची मी वर तक्रार केली खरी, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चौथी भिंत मी अजून घातलेली नाही आणि तिसरीही.

राहिलं ते उरलेल्या मालाचं. भिंतीच्या कॅस्टेबलला जेमतेम पावणेचार किलो लागतं आणि पोतं पंचवीस किलोचं. ते शेजाऱ्याला द्या, दुसऱ्या भट्टीला वापरा, पण पुढच्या वर्षासाठी गुंडाळून ठेवू नका. फरशीच्या पोत्याचंही तेच. एका फरशीला सव्वा किलोच्या आसपास माल जातो, म्हणून मी त्याच दिवशी सहा फरशा ओतल्या, कारण ओतून सुकवलेली फरशी फळीवर वर्षानुवर्षं राहते, पोत्यातलं पीठ राहत नाही. सध्या तिसरी चालू आहे.